सेडी आणि मधला उशीर

सेडी जॉन ड्यूगलला घाई करताना मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आमच्या सेंट कोलंबच्या शाळेची बस तिने कितीतरी वर्षं चालवली. एखादं पोरगं वेळेवर आलं नाही, की त्याच्या घराच्या वाटेशी बस उभी करून ती शांत बसून राहायची. हॉर्नला हातसुद्धा लावायची नाही. मीही त्याच बसमधला. एक बूट पायात, दुसरा हातात असा मी बर्फ तुडवत यायचो आणि ती दार उघडून म्हणायची, "सावकाश रे, घसरशील." माझी आई म्हणायची, या बाईने गावाची एक अख्खी पिढी आळशी करून ठेवली. ते अगदीच खोटं नव्हतं.

तिचं खरं आडनाव मॅकफी. पण केप ब्रेटन बेटाच्या या किनाऱ्यावर दगड फेकला तर तो मॅकफीला नाहीतर गिलिसला लागणार, म्हणून आम्ही नावापुढे बापाचं आणि आज्याचं नाव लावतो. जॉनची मुलगी, ड्यूगलची नात, म्हणून सेडी जॉन ड्यूगल. लग्न होऊन हेक्टरच्या घरी गेली तरी नाव तेच राहिलं. मला मात्र बापाचं नाव मिळालं नाही. टेकडीवरच्या इंटरनेटच्या टॉवरवर चढउतार करणं हा माझा धंदा, म्हणून मी टॉवर रॅनल्ड. गावात कुणाचंही नेट अडलं की शिव्या मलाच. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मागच्या बाकावरून पाठीला बोट टोचून तक्रार सांगणारे लोक आहेत आमच्याकडे. माणूस चिडका होणार नाही तर काय होईल?

सेडी पियानो वाजवते. पण एकटी कधीच नाही. आमच्याकडे नाच असला की फिडलवाला, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, राजा. तो खुर्चीत बसून टाच आपटत लय धरतो आणि पियानोवाली त्याच्या मागून सूर भरत जाते. त्याच्या पुढे जायचं नाही, त्याला अडवायचं नाही. त्याचा खांदा कुठं कलतोय, श्वास कुठं घेतोय, ते बघत राहायचं. नाचाच्या जाहिरातीत त्याचं नाव हे एवढ्या मोठ्या अक्षरांत, आणि तिचं खाली, चहाबिस्किटांच्या ओळीच्या जरासं वर. सेडीने बेटावरच्या झाडून सगळ्या फिडलवाल्यांना साथ केली. त्यातले निम्मे वाजवायला बसेपर्यंत झिंगलेले असायचे. एक पठ्ठ्या तर रील, म्हणजे आमची ती नाचाची भरधाव धून, वाजवता वाजवता डुलकी काढायला लागला, तर हिने त्यालाही हळूहळू शेवटापर्यंत नेऊन पोचवलं.

"आपण मागं चालायचं," ती म्हणायची, "मग तो कुठं का जाईना."

मला हे फार बिचारेपणाचं वाटायचं. तिला नाही वाटायचं.

हे मागं चालणं ती शिकली धाकट्या भावापासून. लॉकी तिच्याहून लहान, पण फिडल त्याच्या हातात आली, त्यामुळे पुढे तो आणि मागे ती. लहानपणी दोघं स्वयंपाकघरात चुलीशी वाजवत बसायची आणि बाप, जॉन ड्यूगल, मोजे वाळत घातलेल्या दोरीखाली नाचायचा. पुढे इथं मासळीचंही काही खरं राहिलं नाही आणि खाणीचंही. बेटावरची अर्धी तरुण माणसं पार पश्चिमेला आल्बर्टात वाळूतून तेल काढायच्या कामावर राबायला गेली, त्यात लॉकीही गेला. फोर्ट मॅकमरीत घर केलं, म्हातारा झाला. दर उन्हाळ्यात यायचा, विमानतळावरून घरी न जाता आधी चर्चच्या हॉलवर जायचा आणि सेडी तिथं पियानोचं झाकण उघडून बसलेली असायची.

गेल्या हिवाळ्यात लॉकीचा डावा कान गेला. मग उजवाही जायला लागला. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आतलं दुखणं आहे, कान उन्हाळाभर टिकला तर नशीब समजा. त्यातून चक्कर अशी, की टेबलापासून दारापर्यंत जायचं तर भिंत धरावी लागे. विमानाचं नावच नको. आणि इकडे सेडीच्या हेक्टरचं मूत्रपिंड थकलेलं. एक दिवसाआड त्याला इस्पितळात नेऊन यंत्रापाशी बसवायचं, परत आणायचं. तीही हलू शकत नव्हती. देश एकच, पण हे एक टोक आणि ते दुसरं.

लॉकीचं मागणं एवढंच होतं, की कान आहे तोवर बाबांची रील एकदा सेडीबरोबर वाजवायची. ही रील जॉन ड्यूगलने स्वतः रचलेली. ती कागदावर कुठं उतरवलेली नाही आणि या दोघांखेरीज कुणी वाजवत नाही.

मार्चमध्ये सेडीचा फोन आला.

"रॅनल्ड, माझं इंटरनेट फार मंद झालंय बघ."

"सगळ्यांचंच मंद आहे, सेडी. आज तू सातवी."

"बरं. मग आधी माझ्याकडे ये. चहा टाकतेय."

तिचं घर टेकडीच्या पलीकडे, माझ्या टॉवरच्या नजरेआड. म्हणून तिच्या छपरावर आकाशाकडे तोंड केलेली डिश. मी गेलो तेव्हा खिडकीबाहेर समुद्र दिसतच नव्हता. वाहत आलेल्या बर्फाचे तुकडे क्षितिजापर्यंत दाटलेले, आणि ते सगळे मिळून अगदी हळू, लक्षात येणार नाही इतक्या हळू उत्तरेकडे सरकत होते. पियानोवर लॅपटॉप होता, त्यात लॉकीचा लालबुंद चेहरा. कमी ऐकू येणाऱ्या सगळ्या माणसांसारखा तो ओरडूनच बोलायचा.

"टॉवर आलाय का? लेका, तू अजून पडला नाहीस वरून?"

"तू ये खाली झेलायला, मग पडतो," मी म्हणालो.

"सगळ्यात मोठं इंटरनेट घेतलंय मी," सेडीने मला चहा देत सांगितलं. "कंपनीच्या मुलीनं सांगितलं, याच्यावर काही नाहीच. तरी हे असं होतं. ऐक तू."

लॉकीने टाच आपटली आणि रील सुरू केली. सेडीने तिच्या सवयीने त्याला जरासं पुढे जाऊ दिलं आणि मागून सूर भरले. चार पावलं बरी गेली. मग लॉकीला वाटलं, ही मागं पडतेय. भाऊच तो, थांबला तिच्यासाठी. तिला ऐकू आलं की तो मंदावलाय, म्हणून तीही मंदावली. ते ऐकून तो आणखी थांबला. लग्नाला निघालेली रील बघता बघता मयताला जाऊन पोचली. शेवटी दोघंही एकाच सुरावर बोट ठेवून एकमेकांची वाट बघत बसली.

"तू ओढतेयस!" लॉकी ओरडला.

"मी? रेंगाळतोस तू!"

"मी तुझ्यासाठी थांबलो!"

"आणि मी कुणासाठी थांबले, पोपसाठी?"

जगात दुसरीकडे कुठं हे असं होत असेल असं मला वाटत नाही. दुसरीकडे एकजण तरी पुढे निघून जाईल. आमची माणसं मात्र दारातसुद्धा "आधी तू, आधी तू" करत चहा थंड करतात.

"सेडी," मी म्हणालो, "त्या मुलीनं तुला रुंदी विकली. तुझं दुखणं लांबीचं आहे. हॅलिफॅक्सचा रस्ता रुंद केला तर जास्त गाड्या जातील, पण हॅलिफॅक्स काही जवळ येणार नाही. तुझा सूर त्या डिशमधून वर जातो. खूप वर, विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर एक उपग्रह टांगलाय, तिथपर्यंत. मग खाली येतो, मग लॉकीकडे. लॉकीचा परत तसाच, वर आणि खाली. तेवढा उशीर तो होणारच. आम्ही त्याला लेटन्सी म्हणतो."

"चंद्रापर्यंत जातो?"

"चंद्रापर्यंत नाही. पण त्या वाटेचा चांगला मोठा तुकडा."

तिने मान वर करून छताकडे बघितलं, जसं काही छतातून आरपार दिसत होतं. "बाबांची रील तिथवर जाऊन आली म्हणायची," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. मी काम करायला आलो होतो आणि ही बाई दुखण्यावर भाळून बसली होती.

मी तिला चर्चच्या हॉलवर न्यायचं ठरवलं. गेल्या वर्षी रस्त्याकडेने इंटरनेटची काचेची तार आली ती हॉलपर्यंत येऊन थांबली, पुढच्या वळणावरच्या घरांसाठी कंपनीचं मन झालं नाही. हॉलवर जुना उभा पियानोही होता. दुपारी तिथं कुणी नसतं. उंच खिडक्यांतून बर्फावरून आलेला पांढरा उजेड जमिनीवर पडतो आणि नाचणाऱ्यांच्या टाचांनी झिजलेल्या फळ्या त्यात चमकतात. हेक्टरचा यंत्राचा दिवस नसेल तेव्हा आम्ही तिथं जायला लागलो. थोडी जवाची बिस्किटं, थर्मासमध्ये चहा. लोकांना वाटलं, टॉवर रॅनल्डला म्हातारपणी पियानो शिकायचं खूळ लागलंय.

उशीर हा एका जागी नसतो, तो सगळीकडे थोडा थोडा साठलेला असतो. मी एकेक जागा धुंडाळत गेलो. हवेतून जाणारं कनेक्शन बंद केलं आणि तार सरळ लॅपटॉपमध्ये खुपसली. चित्र बंद केलं, कारण चेहरा पाठवायला सुरापेक्षा फार जास्त ओझं लागतं. व्हिडिओ-बैठकीचं ते नेहमीचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. ते बिचारं प्रत्येक आवाज आधी लांबच्या कुठल्या शहरात नेतं, तिथं झाडून पुसून घेतं आणि मग पुढे पाठवतं. त्याच्या जागी सूर थेट या घरातून त्या घरात पोचवणारं एक साधंसं घातलं. आलेला आवाज काही काळ साठवून मग ऐकवायची एक छोटी टाकी असते, ती कमी करत आणली. फार कमी केली की सूर करकरायला लागायचे, मग थोडी वाढवायची. राहिला लॉकी.

"लॉकी, कानात काय घातलंयस?"

"यंत्र. बिनतारी आहे. पोरीनं घेऊन दिलं. कॉम्प्युटरशी थेट बोलतं ते."

"काढ."

"काढ काय? मग ऐकू कसं येईल, तुझ्या टकलातून?"

"ते यंत्र प्रत्येक सूर आधी चघळतं आणि मग तुला देतं. सेडीनं लावलेत तसे तारेचे मोठे हेडफोन लाव आणि आवाज वाढव."

"हेलिकॉप्टरवाल्यासारखा दिसेन मी."

"चित्र बंद आहे. कोण बघतंय तुला?"

"मी स्वतः बघतो की!" तो म्हणाला. पण त्याने लावले.

त्या दिवशी दोघं बोलत बसली तेव्हा मधली पोकळी जवळजवळ मिटली होती. लॉकी हसला की सेडी लगेच हसायची. तो श्वास घ्यायचा तोसुद्धा इथं, पियानोच्या फळीजवळ, ऐकू यायचा. मला वाटलं, जिंकलो. मी खुर्ची भिंतीला टेकून पाय लांब केले आणि म्हणालो, "चला, होऊन जाऊ दे."

लॉकीने टाच आपटली. रील निघाली, आणि यावेळी खरंच रीलसारखी. पहिला भाग झाला, दुसराही. मला आता जमिनीवर नाचणाऱ्यांच्या टाचा दिसायला लागल्या होत्या. मग काहीतरी जड झालं. जराशीच, पण लय कलली. पुन्हा थोडी कलली. दोघंही इतकी हळुवारपणे एकमेकांसाठी थांबत होती, की कुणाला दोष देता येत नव्हता. शेवटच्या भागापर्यंत नाचणारे सगळे, माझ्या डोळ्यांपुढचे, खाली बसले होते.

"पुन्हा," लॉकी म्हणाला. पुन्हा तेच. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्याही पुढच्या.

मी सगळं मोजून पाहिलं आणि मग वैतागून खुर्चीला लाथ घातली. "आता माझ्या हातात काही नाही," मी म्हणालो. "जेवढा उशीर माणसांनी घातलेला होता तेवढा काढला. हा उरलाय तो जमिनीचा आहे. तिथून इथं एवढं अंतर आहे, आणि उजेडाहून जोरात काही धावत नाही. काचेतून तर तोही जरा दमतो. माझ्याकडे पृथ्वी लहान करायचा पाना नाही!"

सेडीने थर्मास उघडला. तिने कपात चहा ओतला आणि माझ्याकडे सरकवला. लॉकी तिकडे डोकं गरगरतंय असं सांगून हेडफोन काढून पडला होता.

"किती आहे रे तो उशीर?" तिने विचारलं.

"पापणी लवते ना, त्याहूनही कमी."

"आणि तेवढ्या वेळात सूर कुठं असतो?"

कुठं असतो? मी हे काम इतकी वर्षं करतोय, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला सांगायला लागलो आणि सांगता सांगता मलाच दिसायला लागलं. सूर पियानोतून सुटतो, सामुद्रधुनीखालून मुख्य जमिनीवर जातो. क्यूबेकच्या नदीकाठाने, गोठलेल्या थोरल्या सरोवरांच्या कडेने धावतो. मग सपाट गव्हाचा मुलूख, जिथं एकेक कोठार मैलोन् मैल एकटं उभं असतं. मग झाडी, उत्तरेची काळी झाडी, आणि मग लॉकीचं घर. खाली गावं झोपलेली, जेवत असलेली, भांडत असलेली, आणि वरून किंवा शेजारून जॉन ड्यूगलच्या रीलचा एक सूर निघून गेलेला, कुणाला पत्ता नाही.  बाहेर बर्फ सरकत होता. मला आठवतं, त्या वेळी मला इतकं बरं वाटलं, की मी हरलोय हेही विसरलो.

"म्हणजे तेवढा वेळ तो कुणाचाच नसतो," सेडी म्हणाली. "मी सोडलेला असतो आणि त्यानं धरलेला नसतो."

"तसंच. आणि तुम्ही दोघंही तो धरायला थांबता, म्हणून बुडता. एकानं थांबायचं सोडलं तर जमेल. एकानं आपलं सरळ वाजवत जायचं, दुसरा ऐकू येतोय की नाही इकडे बघायचंच नाही. दुसऱ्यानं त्याला धरून वाजवायचं. मग त्या दुसऱ्याच्या घरात दोन्ही आवाज एकदम येतील. अगदी शेजारी बसल्यासारखे."

"आणि पहिल्याच्या घरात?"

"तिथं सगळा विचका. दुसऱ्याचा आवाज जाऊन येऊन दुप्पट उशिरा येणार. प्रत्येक पाऊल दुसऱ्याच्या पावलावर पडल्यासारखं."

"म्हणजे एकालाच मिळणार."

"एकालाच."

"मग त्यात विचार कसला करायचा?" ती म्हणाली. "पुढं मी जाते."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. झोपलेल्या फिडलवाल्याच्यासुद्धा पुढे न गेलेली बाई ही. "सेडी, तसंच असेल तर रेकॉर्डिंग करून पाठव ना त्याला," मी म्हणालो. "त्यात आणि यात फरक काय?"

"रेकॉर्डिंगला माहीत नसतं तो वाजवतोय ते," ती म्हणाली. "मला माहीत असेल."

लॉकीला मी समजावलं. "आज ती पुढं, तू मागं." तिकडून बराच वेळ काही आलं नाही, आणि तो उशीर माझ्या तारेचा नव्हता.

"सेडी पुढं?" तो म्हणाला. "बरं. बघू तरी."

पहिल्या खेपेला तिचा हात थांबलाच. लॉकीची फिडल मागून फरपटत आली आणि तिची बोटं आपोआप त्याच्यासाठी थबकली. दुसऱ्या खेपेलाही. "हातच ऐकत नाही गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. जन्मभर ज्या हातांना मागं राहायला शिकवलं, त्यांना आता एका दुपारीत काय शिकवणार? ती घामाघूम झाली होती. लॉकी तिकडून म्हणाला, "राहू दे सेडी. दमलीस. आपण नुसतं बोलू." त्या आवाजात जे होतं ते ऐकून मला हॉलबाहेर निघून जावंसं वाटलं.

सेडीने लॅपटॉपचा आवाज बंद केला, हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि पाठ ताठ केली.

"त्याला सांग, मी सुरू करतेय," ती म्हणाली. "आणि तू मध्ये बोलू नकोस."

तिने टाच आपटली. तिला टाच आपटताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तिने बापाची रील त्या रिकाम्या हॉलमध्ये एकटीने वाजवायला सुरुवात केली. तिला पियानोखेरीज काही ऐकू येत नव्हतं. जिथं फिडल असायची तिथं नुसती शांतता, आणि ती त्या शांततेच्या शेजारून सरळ, पक्क्या लयीत चालत राहिली. कुठं वळायचं, कुठं वाट मोकळी करून द्यायची, सगळं त्याच्यासाठी. हेडफोन माझ्या कानाला होते. माझ्याकडे येत होता तो नुसता गोंधळ, फिडल अर्ध्या पावलाने मागं, दोन्ही एकमेकांना तुडवत चाललेली. पण फिडल थांबत नव्हती! लॉकी थांबत नव्हता. तिसऱ्या आवर्तनाला त्याने ती खास आरोळी ठोकली, नाचणारे रंगात आले की फिडलवाला ठोकतो ती. सेडीला ती ऐकू आली नाही. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

ती थांबली तेव्हा मी हेडफोन तिच्या कानाला लावले. पलीकडचं मलाही ऐकू येत होतं, इतका लॉकी ओरडत होता.

"सेडी! अगं, तू इथंच होतीस! या खुर्चीच्या शेजारी! एकही सूर इकडे तिकडे नाही!"

"मग? मी काय म्हणत होते?"

"तुला कसं ऐकू आलं?"

"झकास," सेडी म्हणाली. मी खिडकीकडे बघितलं.

लॉकी मूर्ख नव्हता. जरा वेळाने तो म्हणाला, "आता मी पुढं जातो. तू मागं ये. तुलाही मिळायला पाहिजे."

"नको."

"का नको?"

"माझे कान राहणार आहेत, लॉकी," ती म्हणाली. "आधी तुझे वापरू."

मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन उभा राहिलो आणि तिथं खरंच रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

त्यानंतर वसंतभर, हेक्टरच्या दिवसांतून वेळ काढून, ती हॉलवर जाऊन अशीच वाजवत राहिली. बापाची रील, मग जुन्या नाचांचे सगळे सूर, लॉकी मागेल ते. प्रत्येक वेळी हेडफोन उतरवून. ती एकटी वाजवायची आणि तिकडे लॉकीला दोघं ऐकू यायची. तिची साथ अशी पक्की झाली होती, की मला वाटायचं, गावाने एकदा तरी येऊन ऐकावं. पण ती म्हणायची, "लोकांना काय ऐकू येणार? अर्धंच." बर्फ गेला. किनाऱ्यावर शेवंडीच्या पिंजऱ्यांच्या बोटी सुटल्या आणि परतही आल्या. लॉकी मधूनमधून "काय?" म्हणायला लागला, मग बरेचदा, मग त्याने बोलणंच कमी केलं. ऑगस्टमध्ये त्याच्या मुलीने कळवलं, की उजवा कानही संपला.

मला वाटलं, झालं. मी हॉलवरची तार गुंडाळायला गेलो तर सेडी पियानोपाशी बसलेली. तिच्या फोनवर लॉकीचा संदेश आलेला, चार शब्द: हॉलवर ये. मी वाजवतो.

"बहिरा झालाय ना तो?" मी म्हणालो.

"म्हणून काय बोटं विसरला?"

मी सगळं जोडलं. यावेळी चित्रही लावलं, कारण आता त्याला आवाजाचा उपयोग नव्हता. पडद्यावर लॉकी दिसला, बारीक झालेला, भिंतीला खुर्ची घट्ट टेकवून बसलेला. त्याला आमचं काहीच ऐकू येत नव्हतं, स्वतःची फिडलही नाही. त्याने फिडल हनुवटीखाली धरली, डोळे मिटले आणि टाच आपटली. सेडीने हेडफोन घातले.

सूर जरा घसरलेले होते, काही काही ठिकाणी चांगलेच. पण लय जराही हलत नव्हती. त्याला तिचं ऐकूच येत नव्हतं, तर तो कुणासाठी थांबणार? तो आपला सरळ निघाला होता. सेडीने क्षणभर त्याला पुढे जाऊ दिलं, जशी ती जन्मभर जाऊ देत आली, आणि मग त्याच्या मागून सूर भरले. मी लॅपटॉपचा आवाज मोठा केला. हॉलमध्ये त्या वर्षी जॉन ड्यूगलची रील पहिल्यांदा पूर्ण वाजली, फिडल आणि पियानो एकदम, एकाच टाचेवर. सेडीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

रील संपली. लॉकीने डोळे उघडले आणि पडद्याच्या जवळ तोंड आणून ओरडला, "आलीस का बरोबर?"

सेडीने मान हलवली, मोठी, दोनदा. चित्राला उशीर जास्तच; ती हलती मान तिकडे पोचेपर्यंत लॉकी तोंड उघडं टाकून, श्वास धरून बघत राहिला. मग त्याला ती दिसली आणि त्याने फिडल छातीशी धरली.